येळवशीचा डबा

या वर्षीची येळवस होऊन चार दिवस झाले. लातूरचा बाजार पुन्हा भरलाय, गंजगोलाईत पाय ठेवायला जागा नाही, हिरव्या तुरीच्या शेंगा आणि बोरं घेऊन बायका रस्त्याच्या कडेला बसल्यात, आणि घरात माझी बायको माझ्याशी नेहमीसारखंच बोलते आहे. चहा ठेवू का, नळाला पाणी आलंय, गॅसवाल्याचा फोन आला होता. कुणी बाहेरून ऐकलं तर म्हणेल, काय छान चाललंय या दोघांचं. मला मात्र चार दिवस घास गिळवत नाही.

बाहेरच्या माणसाला येळवस समजावून सांगावी लागते. वेळ अमावस्या. ऐन थंडीत येते. त्या दिवशी आमच्याकडचा झाडून सगळा माणूस शेतात जातो. हरभऱ्याला घाटे धरलेले असतात, ज्वारी उभी असते. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोप करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग दिवसभर खायचं. बाजरीचे उंडे म्हणजे उकडलेले गोळे, आंबील, गव्हाची खीर, आणि सगळ्यांत महत्त्वाची भज्जी. ही तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पालेभाज्या, बोरं, चिंच, रानात जे असेल ते सगळं बेसन लावून एका पातेल्यात शिजवतात. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून पंगतीला बसवतात. त्यामुळे गावंच्या गावं ओस पडतात. आमचं लातूरसुद्धा त्या दिवशी संचारबंदी लागल्यासारखं दिसतं.

या वेळी आठवणींना सुरुवात झाली ती मुलीच्या फोनमुळे. मैत्रेयी पुण्यात नोकरी करते. तीन वर्षं तिचा एक मित्र होता. आम्ही त्याला फोनवर पाहिलं होतं, चांगला हसरा मुलगा. महिन्यापूर्वी तिनं सांगितलं, "संपलं आमचं, बाबा." का, तर तो घरी आहे म्हणाला आणि होता दुसरीकडेच. कुणा मुलीबरोबरही नव्हता, मित्रांबरोबर होता. मी म्हणालो, "एवढ्याशा गोष्टीवरून?" ती म्हणाली, "एवढीशी नाहीये ती. खोटं बोलायची गरजच नव्हती, तरी बोलला. मग गरज पडेल तेव्हा काय करेल?" सुकेशनी, म्हणजे तिची आई, स्वयंपाकघरातून ऐकत होती. विषय बदलावा म्हणून की काय, पोरीनं विचारलं, "तुम्ही दोघं डेटवर कुठे जायचात हो?" मी हसलो. आमची डेट वर्षातून एकदा असायची आणि ती पंचांगात छापून यायची.

आम्ही दोघं इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला होतो. आमचं घर उदगीरचं, मास्तर-कारकुनांचं. वडिलांनी जळकोटच्या वाटेवर चार एकर घेऊन बटईला, म्हणजे वाट्यानं कसायला दिलं होतं, आमचे पाय त्या मातीला वर्षातून एकदाच लागायचे, येळवशीला. सुकेशनी कंधारकडच्या एका खेड्यातली. बौद्ध घर, वडील आधी दुसऱ्याच्या रानात राबत, मग शाळेत शिपाई झाले. दोन वर्षं आम्ही प्रॅक्टिकलच्या वह्या बदलण्यापलीकडे गेलो नव्हतो. कारण लातूर तेव्हा एवढंसं होतं, कुणीतरी बघायचंच, आणि बघितलेलं उदगीरला पोचायला एसटीइतकाही वेळ लागत नसे. मग तिसऱ्या वर्षीच्या येळवशीला मी घरी कळवलं की परीक्षा जवळ आलीय, येत नाही. तिच्या होस्टेलची मेस बंद होती, स्वयंपाकिणीही शेतात गेलेल्या. सकाळी अकराला आम्ही भर रस्त्यात भेटलो.

गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या दिवशी एकाही रस्त्यावर माणूस नव्हता. सगळी शटरं खाली. मधोमध एक कुत्रं उन्हात पसरलेलं, त्यानं आमच्याकडे बघून पुन्हा डोळे मिटले. आम्ही सोळाही रस्त्यांवर थोडं थोडं जाऊन परत आलो. कुणाला चुकवायचं नव्हतं, मागे वळून बघायचं नव्हतं, आवाज खाली आणायचा नव्हता. स्टेशनकडे एक चहाचं हॉटेल उघडं होतं. तिथल्या चाचांनी दोन कप पुढे ठेवले आणि विचारलं, "सारा गाँव जंगल कू गया, तुम काय कू रह गए?" सुकेशनी म्हणाली, "हमारा जंगल यही है, चाचा." मी त्या क्षणी ठरवून टाकलं की लग्न करायचं ते हिच्याशीच. बावीस वर्षांच्या माणसाला ठरवायला एवढं पुरतं.

त्याच दिवशी तिनं मला एक गोष्ट सांगितली होती. चालता चालता, पेरू खात. मी सहज विचारलं होतं की तुमच्याकडे येळवस कशी करतात. ती म्हणाली, "आमच्याकडं कसली येळवस? मालकाच्या बांधावर बसायचं. सगळ्यांचं झालं की वरून वाढायचे. एका साली बाबानं ताट तिथंच ठिवलं आन् आम्हाला घेऊन घरी आले. म्हणाले, जिथं जवळ बसवत न्हाईत, तिथलं खायचं न्हाई. तवापासून येळवशीला घरी बेसन-भाकर." मी मान डोलावली. मला ते फार थोर वाटलं. थोर वाटलेलं लक्षात राहतंच असं नाही.

लग्न रजिस्टर झालं. वडिलांनी घरात माझं नाव काढायची बंदी केली. सुकेशनी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, मला मोजणी खात्यात नोकरी मिळाली. शेतं मोजायची, हद्दी कायम करून द्यायच्या. आयुष्यभर लोकांचे बांध मोजले आणि येळवशीला मात्र आम्हाला कुणाच्या बांधावर बोलावणं नसे. रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून बसवणाऱ्या मुलखात आम्ही दोघं घरी. कुणी थेट काही बोलत नव्हतं. "या हो कधीतरी" म्हणत, आणि तो कधीतरी येळवस सोडून असायचा.

तरी पहिली वर्षं आनंदाची होती, हे मला ठासून सांगायचंय. भाड्याच्या खोलीवर गच्ची होती. सुकेशनी तिथं स्टोव्ह नेऊन भज्जी करायची. मी म्हणायचो, पाच दगड मांडू का? ती म्हणायची, "पांडव ऱ्हाऊ दे त्यांच्या घरी. भज्जी आपली, बस." खाली सगळं गाव रिकामं, वर आम्ही दोघं आणि नंतर पाळण्यातली मैत्रेयी. तिन्हीसांजेला ट्रॅक्टर आणि जीपगाड्या परतायला लागल्या की आम्ही कठड्याला टेकून बघत बसायचो. तेव्हा मला खरंच वाटायचं की गाव आमच्यासाठी रिकामं होतं. आम्हाला मागे ठेवून जातं, असं वाटायला लागलं ते नक्की कुठल्या वर्षापासून, हे मला सांगता यायचं नाही.

मोजणीत एक प्रकार नेहमी बघायला मिळायचा. शेजारचा शेतकरी दरवर्षी नांगरताना बांध बोटभर कोरतो. त्या वर्षी कुणाच्या लक्षात येत नाही. भांडण व्हावं इतकं ते नसतंच. वीस वर्षांनी मोजणी लावली की कळतं, चांगला दोन गुंठ्यांचा पट्टा गेलाय. मग दोघंही माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच तो खाल्ला. घरी येऊन मी या गोष्टी सुकेशनीला रंगवून सांगायचो आणि आम्ही दोघं त्या लोकांना हसायचो.

लग्नाच्या दहाव्या वर्षी वडील गेले आणि मोठा भाऊ माझ्या ऑफिसात आला. समोर बसला, रुमालानं चष्मा पुसत राहिला. म्हणाला, "आईला बघायचंय तुला. येळवशीला ये शेतावर." एवढंच. सुकेशनीचं नाव त्यानं घेतलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं त्याला. मी त्याची ती अडचण होऊ दिली नाही. आईला दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा मला हवा होता आणि त्यासाठी मी बायकोला मोजलंच नाही, हे सरळ लिहितो. घरी सांगितलं तेव्हा सुकेशनी म्हणाली, "जा. आईला बघून ये. आम्ही मायलेकी गच्चीवर बसतो."

आई म्हातारी झाली होती. माझ्या गालावरून हात फिरवला, रडली, वाढत राहिली. मी खात राहिलो. निघायची वेळ झाली तसा मला गच्चीवरचा स्टोव्ह दिसायला लागला. कोपीमागे पातेलं होतं, शेजारी एक स्टीलचा डबा होता. मी तो उचलला, भज्जीनं भरला, झाकण लावलं आणि पिशवीत टाकला. वळलो तर आई बघत होती. आमची नजरानजर झाली आणि तिनं मान दुसरीकडे फिरवली. देते असं म्हणाली नाही, नको असंही म्हणाली नाही. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला हेच घोकून घेतलं, की आईनं अडवलं नाही म्हणजे दिलंच.

डब्यावर आईचं नाव घातलेलं होतं, सौ. लावून. सुकेशनीनं तो हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला. "कुणी दिलाय?" मी म्हणालो, "आईनं. तुझ्यासाठी." तिनं माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, मान हलवली आणि डबा घेऊन आत गेली. ताट वाढून घेतलं, खाली बसून खाल्लं. मला इतकं हलकं वाटलं, की त्या संध्याकाळी मी शीळ वाजवत होतो.

पुढच्या येळवशीला सकाळी तोच डबा पिशवीत. "रिकामा डबा वापस देऊ न्हाई," सुकेशनी म्हणाली. आत तिळाचे लाडू. उदगीरच्या स्टँडवर जळकोटची गाडी लागेपर्यंत डबा मांडीवर घेऊन बसलो. हे लाडू आईपुढे ठेवायचे म्हणजे कुणी दिले ते सांगावं लागणार. मग आई तोंडात घालणार की बाजूला ठेवणार? ती बाजूला ठेवेल, याची मला इतकी भीती वाटली की मी तिला ती संधीच दिली नाही. बाकावर एक बाई दोन लेकरं घेऊन बसली होती, डबा तिच्या ओच्यात रिकामा केला. नळावर धुतला. शेतात कोपीमागे जाऊन तो पुन्हा भरला, आईनं पुन्हा मान फिरवली, आणि मी घरी आलो. "आवडले का लाडू?" "आवडले."

असं पंधरा वर्षं चाललं. कधी तिळाचे लाडू, कधी शेंगदाण्याचे. एका वर्षी सुकेशनीला ताप होता, तरी आदल्या दिवशी वळले. मी दरवर्षी ठरवायचो की या वेळी देऊ, आणि उदगीरला कुणी ना कुणी भेटायचंच. काही वेळा मीच दोन-चार खाल्ले. चांगले व्हायचे.

आणि मधल्या काळात आमचं काय होत होतं? काही होत नव्हतं. मुलगी शिकत होती, घराचे हप्ते जात होते, सुकेशनीची बदली नायगावला झाली आणि ती आठवड्यातून एकदा घरी येऊ लागली. कॉलेजात ती मला तू म्हणायची, कधीतरी तुम्ही म्हणायला लागली. आम्ही भांडलोसुद्धा नाही. ज्यांना भांडायचं असतं त्यांना अजून एकमेकांकडून काही हवं असतं. आजच्या पोरांचं मला आधी हसू यायचं, फोनवर जमतं, फोनवर मोडतं. आता हसू येत नाही. मैत्रेयीला एक खोटं सापडलं, तिनं ते हातात धरून त्याला दाखवलं आणि निघून आली. रडली, आठ दिवस जेवली नाही, पण निघाली. आम्ही मात्र निभावून नेलं, आणि लोक आमचं उदाहरण देतात.

चार वर्षांपूर्वी आई गेली. माझं जाणं थांबलं, गुडघ्याचं निमित्त होतं. शेवटचा डबा आमच्याकडेच राहिला, फडताळात वरच्या फळीवर.

या वर्षी भावाचा फोन आला. तोही थकलाय. म्हणाला, "आता नको म्हणणारं कोण ऱ्हायलंय रे? सुकेशनीला घेऊनच ये. तुझी वहिनीबी म्हणून राहिली, लई वर्षं झाली." ज्या वाक्यासाठी एकोणतीस वर्षं थांबलो ते ऐकून मी 'बघतो' एवढंच म्हणून फोन ठेवला. कारण सुकेशनी शेतात गेली की वहिनीशेजारी बसणार. डब्याचा विषय निघणार, लाडवांचा निघणार. वहिनी विचारणार, कसले लाडू? पंधरा वर्षांचं खोटं चार बायकांसमोर, भज्जीच्या पातेल्यापाशी उघडं पडणार. त्याआधी आपणच सांगायचं, असं मी ठरवलं. धीर यायला सहा दिवस लागले.

दुपार होती. सुकेशनी मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. कोपीमागचं, आईनं मान फिरवल्याचं, उदगीरच्या स्टँडचं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. ती निवडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली,

"मला पहिल्याच साली कळलं होतं."

"कसं?"

"बाईनं भरलेल्या डब्यात नुसती भज्जी नसती. वर दोन उंडे ठिवते, कडंला कांदा ठिवते. तुम्ही काठोकाठ भज्जी आणली, झाकणाच्या बाहीर आलेली. गड्यानं चोरून भरलेला डबा हाय, हे लेकराला बी कळलं असतं."

"मग खाल्लंस का?"

"तुम्ही आणलं होतं." तिनं काड्या बाजूला सारल्या. "बाबाचं मोडलं मी त्या दिवशी. त्यानं ताट ठिवलं तिथंच आन् मी खाल्लं. वाटलं, याला घरचं मिळालंय इतक्या सालांनी, आपण कशाला बोला."

"आणि लाडू?"

तिनं मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली, सोडली. मग म्हणाली, "एखाद्या साली वापस आणताल म्हणून. आणताल आन् म्हणताल, सुके, न्हाई देता आले. आईला भ्यालो. तेवढंच. मी काय भांडणार होते? तेवढं एक ऐकायला मी पंधरा साल लाडू वळले."

मी तिचा हात धरायला गेलो. तिनं तो काढून घेतला नाही. मेथीची पानं चिकटलेला तिचा हात माझ्या हातात तसाच राहिला आणि थोड्या वेळानं मलाच तो सोडावा लागला.

येळवशीच्या सकाळी ती उठून आवरून बसली होती, पण रोजच्या साडीत. "मी येत न्हाई. मला आता तिथं बसायची हौस उरली न्हाई. तुम्ही जा." फडताळातून डबा काढलेला होता, घासून लख्ख केलेला. आत तिळाचे लाडू. "ज्याचा हाय त्याला देऊन या. आन् या टायमाला पोचवा."

मी पोचवला. उदगीरच्या स्टँडवर डबा छातीशी धरून बसलो, कुणाकडे बघितलं नाही. शेतात सगळे जमले होते. हरभरा गुडघ्याइतका, कोप छान बांधलेली, आईच्या जागी वहिनी. मी डबा तिच्या हातात दिला. "सुकेशनीनं दिलेत." वहिनीनं झाकण उघडलं, एक लाडू मोडून तोंडात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं, प्रेमानंच म्हणाली, "घ्या! इतक्या सालात पहिल्यांदा काहीतरी पाठवलं बाई तिनं. उशिरा का व्हईना, आमची आठवण तर आली."

भाऊ, पुतणे, सुना, सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पहिल्यांदा नाही, वहिनी, सोळाव्यांदा. एवढंच म्हणायचं होतं. आई नव्हती, वडील नव्हते, भ्यायला कुणीही उरलं नव्हतं.

मी म्हणालो, "हो ना." आणि पंगतीला बसलो.

दिवस मावळताना घरी आलो. रस्त्यावर शेतातून परतणाऱ्या गाड्यांची गर्दी सुरू झाली होती. सुकेशनी ओट्यापाशी उभी होती. तिनं पाठमोरीच विचारलं, "दिला?"

"दिला."

"काय म्हणाल्या?"

"खूप आवडले म्हणाल्या. तुझी आठवण काढत होते सगळे."

ती वळली. माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. मान हलवली आणि आत गेली.